'काढणे' म्हणजे नक्की काय? (कोडमधली नावं आणि नेमके शब्द)

रिकामा_कंस

नमस्कार मंडळी. कोडमधली नावं इथे देवनागरीतच लिहितोय, वाचताना दोन लिप्यांत उड्या मारायला नकोत.

आमच्याकडे सभासद आणि त्यांचे गट सांभाळणारी एक सेवा आहे. तिच्यात 'रिमूव्ह_मेंबर' नावाचं फंक्शन (नावानं बोलावता येणारा कोडचा तुकडा) पाच वर्षं सुखानं नांदत होतं. डोक्यावर एका ओळीचं डॉक्युमेंटेशन: 'मेंबर रिमूव्ह करते.' गेल्या आठवड्यात टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीला काम दिलं की गटाच्या पानावर 'गटातून काढा' असं बटण हवंय. तिनं शोधाशोध केली, हे फंक्शन सापडलं, नाव वाचलं, वरची ओळ वाचली आणि बटणाला जोडून दिलं. रिव्ह्यू, म्हणजे तिच्या कोडची तपासणी, मी केला. मीही नाव वाचलं आणि पुढे गेलो. चाचणीत बटण दाबलं की माणूस गटातून जायचा, त्यामुळे सगळं हिरवंगार. तो फक्त त्या गटातून जात नव्हता, सगळीकडूनच जात होता. खातं, जुन्या नोंदी, बाकीचे गट, सगळं साफ. बॅकअपमधून परत आणण्यात दीड दिवस गेला.

चूक तिची नाही हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. पण मग कुणाची? मूळ लिहिणाऱ्यानंही खोटं काही लिहिलेलं नाही. मेंबर खरंच रिमूव्ह होतो.

आता नाव बदलायचंय आणि त्यावर एक तास मीटिंग झाली. 'डिलीट', 'पर्ज', 'डिटॅच', 'डीॲक्टिव्हेट', प्रत्येकाचा एकेक लाडका शब्द. शेवटी वैतागून एक जण म्हणाला, "त्यापेक्षा मराठीत 'काढणे' लिहा, निदान गोंधळ तरी नाही." तुमच्याकडे अशा शब्दांचं काय करता? (संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच आणि त्यातली एक नाव ठेवणं, हा विनोद सगळ्यांना माहीत आहे. कृपया नको.)

अर्धविराम

'रिमूव्ह' हा शब्दच झपाटलेला आहे. सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीतला 'रिमूव्ह' अल्गोरिदम व्हेक्टरमधून (म्हणजे घटकांच्या यादीतून) काहीही काढत नाही. ठेवायचे घटक पुढे सरकवतो आणि नवा शेवट कुठे आला ते सांगतो. व्हेक्टरचा आकार होता तेवढाच राहतो, मागे भरवसा नसलेली शेपटी उरते. ती छाटायला वेगळं 'इरेज' बोलवावं लागतं. ही दुक्कल इतकी वर्षं लोकांना चकवत होती की सी++२० मध्ये दोन्ही कामं एकदम करणारं 'इरेज_इफ' आणावं लागलं.

तिथलंच 'मूव्ह' काही हलवत नाही, 'यातला ऐवज उचलून न्यायला हरकत नाही' एवढं कंपायलरला (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) सांगतं. आणि 'एम्प्टी' रिकामं करत नाही, रिकामं आहे का ते सांगतं. रिकामं करायला 'क्लिअर'.

जावईशोध

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

जावाचा नमुना घ्या. पूर्णांकांच्या यादीत १, २, ३ आहेत. 'रिमूव्ह' ला १ दिला. काय जाईल? २ जातो, कारण तो १ हा क्रमांक समजला जातो आणि मोजणी शून्यापासून. तोच १ जर 'इंटिजर' ऑब्जेक्ट म्हणून दिला तर मात्र यादीतला १ जातो. नाव एकच, अर्थ दोन, आणि कुठला घ्यायचा ते टाइप (दिलेली किंमत कुठल्या प्रकारची आहे ते) बघून कंपायलर ठरवतो. पायथननं इथे शहाणपणा केला: किंमत देऊन काढायचं तर 'रिमूव्ह', क्रमांक देऊन काढायचं तर 'पॉप'.

रात्रपाळी

आता एक कौतुकाचं उदाहरण. युनिक्समध्ये फाइल घालवणाऱ्या सिस्टिम कॉलचं नाव 'डिलीट' नाही, 'अनलिंक' आहे. शिकाऊ असताना मला हे उगाच पांडित्य वाटायचं. एका रात्री डिस्क भरली, मी भलीमोठी लॉग फाइल उडवली, डिस्क तरी भरलेलीच. दोनदा तपासलं, फाइल यादीत नाही आणि जागा मोकळी होत नाही. कारण एका प्रोसेसनं (चालू असलेल्या प्रोग्रामनं) ती उघडी धरून ठेवलेली होती. 'अनलिंक' फक्त नावाचा धागा तोडतं. शेवटचं नाव गेलं आणि उघडून बसलेली शेवटची प्रोसेसही सुटली की मग जागा परत मिळते. प्रोसेस रीस्टार्ट केली, डिस्क मोकळी.

नाव पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं, मीच त्याचा अर्थ 'डिलीट' असा लावून बसलो होतो.

तळटीप

मी कोड लिहिणारी नाही, कोडबद्दल लिहिणारी आहे. त्यामुळे आधी 'मराठीत निदान गोंधळ नाही' या विधानाचा समाचार घेते.

'बँकेत खातं काढलं' म्हणजे उघडलं. 'खात्यातून पैसे काढले' म्हणजे कमी केले. 'यादीतून नाव काढलं' म्हणजे वगळलं. 'मुलीनं घराण्याचं नाव काढलं' म्हणजे गाजवलं. 'चित्र काढलं' म्हणजे नव्हतं ते निर्माण केलं. एकाच क्रियापदाला निर्मिती आणि विनाश दोन्ही चालतं, आणि बोलताना आपण कधी अडखळतही नाही, कारण शेजारचे शब्द सावरून घेतात. फंक्शनच्या नावाला शेजार नसतो. ते तीनशे फाइलींच्या पलीकडे, शोधाच्या निकालात एकटं उभं असतं.

'परवा' चंही तेच. कालच्या आधीचा दिवस की उद्यानंतरचा, ते 'गेलो' की 'जाणार' यावरून कळतं. आता 'परवा' नावाचं फंक्शन लिहून बघा.

दुसरं, 'मेंबर रिमूव्ह करते' ही ओळ डॉक्युमेंटेशन नाही, प्रतिध्वनी आहे. नाव वाचून जे कळतं तेच खाली पुन्हा लिहायचं असेल तर ती ओळ नसलेली बरी, निदान वाचणारा कोड उघडून तरी बघेल. अशा फंक्शनवर मला तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. काय शिल्लक राहतं? परत आणता येतं का? दुसऱ्यांदा हाक मारली तर काय होतं, चूक म्हणून ओरडतं की मुकाट परत येतं?

जुनं_खोड

सगळे नावावर घसरलेत म्हणून विरोधी बाकावर बसतो.

एका बटणानं माणसाच्या सगळ्या नोंदी उडतात आणि अधिकार तपासणारं मध्ये काही नाही, हा नावाचा दोष आहे का? चाचणीनं 'बाकीचे गट शाबूत आहेत ना' हे विचारलंच नाही, हा नावाचा दोष आहे का? नाव बदलून समाधान मानाल आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावाचं फंक्शन हेच करेल.

शिवाय नेमकेपणाच्या नादात काय होतं तेही पाहिलंय. 'रिमूव्ह_मेंबर_फ्रॉम_ग्रुप_बट_कीप_अकाउंट_अँड_नोटिफाय'. हे नाव नाही, निबंध आहे. चार ओळींच्या लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या तुकड्यात) मोजणीला 'आय' पुरतो. तिथे 'सध्याचा_सभासद_क्रमांक' लिहिणाऱ्याला मी रिव्ह्यूत परत पाठवतो. नाव जितक्या दूरवरून वाचलं जाणार तितकं ते लांब असू द्या, उगाच नको.

रिकामा_कंस

जुनं_खोड, अधिकार आणि चाचणीचं शंभर टक्के मान्य, दोन्हींची कामं लावली आहेत. पण चाचणी लिहिणारीनंही नाव वाचूनच चाचणी लिहिली. जे नावात नव्हतं ते तपासायचं तिला सुचणार कसं?

रात्रपाळी

नाव लांब असावं की आखूड हा मुद्दाच बाजूला ठेवा. कुठला गैरसमज महागात पडेल ते बघा आणि तेवढा शब्द नावात घाला, बाकीचे सोडा.

'टाइमआउट = ३०' (किती वेळ वाट बघायची) मध्ये गैरसमज एकाच गोष्टीचा होतो, तीस काय? पायथनचं 'स्लीप' सेकंद घेतं, जावाच्या 'थ्रेड' चं 'स्लीप' मिलिसेकंद. युनिक्सची वेळ सेकंदांत, जावास्क्रिप्टच्या तारखेची मिलिसेकंदांत, दोन्ही १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या. १७०००००००० हा आकडा सेकंद म्हणून वाचला तर नोव्हेंबर २०२३. मिलिसेकंद म्हणून वाचला तर २० जानेवारी १९७०. स्क्रीनवर अचानक जानेवारी १९७० दिसला की मी आता लॉगसुद्धा बघत नाही, सरळ हजारानं गुणायचं कुठे राहिलं ते शोधतो.

'टाइमआउट_सेकंद' लिहिलं की विषय संपला. प्रोमेथियस या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या साधनाच्या नामसंकेतांत तर एकक मोजमापाच्या नावातच घालायला सांगितलंय, आणि तेही मूळ एकक, म्हणजे सेकंद आणि बाइट. कुणी मिलिसेकंद, कुणी मिनिटं असं नाही.

अर्धविराम

एककांचा विषय निघालाच आहे तर नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान आलंच. २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाच्या कक्षेत शिरताना हरवलं. थ्रस्टरच्या लहान लहान धक्क्यांचे आकडे जमिनीवरचा एक प्रोग्राम पाउंड-फोर्स सेकंदांत देत होता, घेणारा ते न्यूटन-सेकंद समजून घेत होता. ४.४५ पटींचा फरक. सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचं यान सुमारे ५७ किलोमीटरवर उतरलं. फाइलीतल्या रकान्याच्या नावात एकक असतं तर?

तळटीप

अर्धविराम, या गोष्टीतला मला सर्वात टोचणारा भाग वेगळाच आहे. दोन प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीचा दस्तऐवज होता, आणि त्यात मेट्रिक एककंच सांगितलेली होती. दस्तऐवज बरोबर, प्रोग्राम त्याप्रमाणे नाही. म्हणजे माझ्या धंद्यातल्या लोकांनी आपलं काम केलं होतं, आणि तरी उपयोग झाला नाही.

म्हणून मी डॉक्युमेंटेशनवाली असूनही सांगते, जे चुकलं तर यान पडतं ते फक्त दस्तऐवजात ठेवू नका. नावात घाला, आणि नावातून पुढे टाइपमध्ये जात असेल तर तिथे न्या. एफ शार्प या भाषेत एकक हा टाइपचाच भाग करता येतो, मग न्यूटनच्या जागी पाउंड दिला तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही.

आणखी एक. त्या प्रोग्रामच्या नावात 'फोर्सेस' होतं. आकडे मात्र बलाचे नव्हते, आवेगाचे होते, म्हणजे बल गुणिले वेळ. त्यामुळे यान पडलं असं मी म्हणत नाही. पण नजरेत भरलं.

शून्यापासून

माझी तक्रार 'लेंग्थ' बद्दल. 'मराठी' या शब्दाची लांबी किती?

शाळेत विचारलं तर अक्षरं ३: म, रा, ठी. व्याकरणाच्या तासाला वर्ण ६: म्, अ, र्, आ, ठ्, ई. पायथन आणि जावास्क्रिप्ट म्हणतात ५, कारण युनिकोडमध्ये काना आणि वेलांटी स्वतंत्र चिन्हं आहेत. गो आणि रस्टचं 'लेन' म्हणतं १५, कारण ते यूटीएफ-८ (मजकूर बाइटांत साठवायची पद्धत) मधले बाइट मोजतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट खातं.

चारही उत्तरं बरोबर. चुकीचा आहे तो 'लांबी' हा शब्द, कारण कशाची ते सांगत नाही. 'नाव जास्तीत जास्त २० कॅरेक्टर' असं फॉर्मवर लिहिणारा बहुधा इंग्रजी नाव डोळ्यांसमोर ठेवून लिहितो, तिथे बाइट, चिन्ह आणि अक्षर हे तिन्ही आकडे एकच येतात. आमच्या कोडमध्ये आता 'बाइट_संख्या', 'कोडपॉइंट_संख्या' (युनिकोड चिन्हांची) आणि 'दृश्य_अक्षर_संख्या' अशी तीन नावं आहेत. 'लेंग्थ' दिसलं की रिव्ह्यूत थांबवतो.

बाकी, आपल्या भाषेनं वर्ण, अक्षर आणि चिन्ह असे तीन शब्द आधीच करून ठेवलेत आणि आपण तिन्हींना 'कॅरेक्टर' म्हणतो, याची गंमत वाटते.

जावईशोध

@शून्यापासून, 'आम्ही' आणि 'आपण' विसरलात. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हे मराठी सर्वनामातच सांगते. आणि तेच आपण 'एकतीस तारखेपर्यंत' असं लिहून मोकळे होतो. एकतीस धरून की सोडून?

एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतलं 'बिटवीन' दोन्ही टोकं धरतं, पायथनची 'रेंज' शेवटचं टोक सोडते. वर 'बिटवीन' मध्ये एकतीस तारीख दिली आणि रकान्यात वेळही असेल तर ती एकतीस सुरू होतानाची मध्यरात्र धरली जाते, अख्खा शेवटचा दिवस गायब. म्हणून मी 'एंड_डेट' लिहिणं सोडलं. 'शेवटचा_दिवस' (धरून) किंवा 'या_दिवसाच्या_आधी' (सोडून), दोन्हींतलं एक.

जुनं_खोड

हे पटलं. विरोधी बाकावरून अर्धा उठतो.

पण एक सांगून ठेवतो. नाव बदलायचं असेल तर ते घराबाहेर पडायच्या आत बदला. एचटीटीपीमधल्या 'रेफरर' हेडरच्या (आधीचं पान कुठलं हे ब्राउझर ज्यात सांगतो त्या ओळीच्या) इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'आर' कमी आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) ते तसंच छापलं गेलं आणि आजही प्रत्येक ब्राउझर तेच चुकीचं स्पेलिंग पाठवतो. पुढे आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' हेडरचं स्पेलिंग बरोबर आहे, त्यामुळे आता दोन्ही पाठ करा.

मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं 'यूटीएफ८' हे खरं यूटीएफ-८ नव्हतं, चिन्हामागे जास्तीत जास्त ३ बाइट ठेवायचं. खरं चार बाइटवालं २०१० मध्ये आलं ते 'यूटीएफ८एमबी४' या नावानं, कारण चांगलं नाव आधीच खर्ची पडलं होतं. देवनागरी तीन बाइटांत बसते, म्हणून आमचा मराठी मजकूर वर्षानुवर्षं ठणठणीत होता. एका वापरकर्त्यानं स्मायली टाकली आणि तिथून पुढचा अभिप्राय कापला गेला. नावावर विश्वास ठेवून दोन दिवस भलतीकडेच शोधत होतो. खरं तर नावावरच संशय घ्यायला हवा होता.

आणि वेब सर्व्हर नकार देताना पाठवतो तो ४०१ क्रमांक! नाव 'अनऑथराइज्ड', अर्थ 'तू कोण ते मला कळलं नाही'. 'तू कोण ते कळलं, पण परवानगी नाही' यासाठी ४०३. ओळख पटणं आणि अधिकार असणं या दोन गोष्टी एका नावात कालवल्यामुळे प्रत्येक नव्या टीमला हे पुन्हा समजावून सांगावं लागतं.

तळटीप

जुनं_खोड यांच्या सूचनेला जोडून. आमच्याकडे एक शब्दयादी आहे, चाळीसेक शब्दांची. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, आणि त्याच्यापुढे 'हा शब्द कशासाठी वापरायचा नाही' असा एक रकाना. खरं काम तोच रकाना करतो. उदाहरणार्थ 'गेट': जे हाताशीच आहे ते देणं, नेटवर्कवर जाणाऱ्या कामासाठी नाही, तिथे 'फेच'. अर्थ सगळ्यांना माहीत असतो, हद्द कुणालाच माहीत नसते.

क्रियापदांच्या शेवटांचंही तसंच. मराठीत 'टोकन द्यावा' लिहिलं तर ती विनंती, सल्ला की सक्ती? इंग्रजी मानकांनी यासाठी १९९७ मध्ये आरएफसी २११९ काढलं: 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडा, 'मे' म्हणजे ऐच्छिक. २०१७ मध्ये आणखी खुलासा करावा लागला की हे खास अर्थ शब्द मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) असतील तेव्हाच. आपल्याकडे मोठी लिपी नाही. म्हणून मी 'दिलाच पाहिजे', 'देणं श्रेयस्कर' आणि 'देता येईल' असे तीन साचे ठरवून घेतलेत. 'द्यावा' बंद.

रिकामा_कंस

तळटीप, 'काय वापरायचं नाही' हा रकाना चोरतोय.

शून्यापासून

@रिकामा_कंस, एक विचारू? तासाभराच्या मीटिंगमध्ये सगळे क्रियापदावर भांडलात. 'मेंबर' म्हणजे कोण? माणूस, की माणसाचं त्या गटातलं असणं? सभासद की सभासदत्व? डेटाबेसमध्ये ही दोन टेबलं असतील ना?

रिकामा_कंस

(दोन दिवसांनी)

शून्यापासून, तुमच्या प्रश्नानं गाडी रुळावर आली. टेबलं दोनच आहेत, आणि कोडमध्ये दोन्हींना 'मेंबर' म्हणतात. जिनं बटण जोडलं तिच्या डोक्यात सभासदत्व होतं, मूळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात माणूस. 'रिमूव्ह' बिचारं मध्ये सापडलं.

मग नाव ठेवायला बसलो तर प्रत्येक नावात 'आणि' यायला लागलं. सभासदत्वं संपवते आणि खातं उडवते आणि मेल पाठवते. म्हणजे दोष नावात नव्हता, तीन कामं एका पोत्यात भरली होती म्हणून तोंड बांधता येत नव्हतं. आता 'एंड_मेंबरशिप' माणूस आणि गट दोन्ही मागते, त्यामुळे गट दिल्याशिवाय हाकच मारता येत नाही. 'इरेज_पर्सन' फक्त माणूस मागते, वेगळा अधिकार लागतो, आणि वर तळटीप यांच्या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत. मेल बोलावणाऱ्यानं पाठवायची. जुनं नाव अजून आहे, पण आत काही करत नाही, 'या दोहोंपैकी काय हवंय?' एवढंच म्हणून चूक (एरर) फेकते.

नाव शोधलं तर हाक मारणाऱ्या चार जागा निघाल्या. दोघांना सभासदत्व संपवायचं होतं, एकाला खरंच माणूस पुसायचा होता. चौथ्याला यातलं काहीच नको होतं, सभासद तात्पुरता थांबवायचा होता. ते तीन वर्षं माणसं पुसत होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रात्रपाळी

चौथी जागा वाचून पाणी पिऊन आलो.

जुनं_खोड

अभिनंदन. उरलेल्या अर्ध्या बाकावरूनही उठलो. आत्ताच एका रिव्ह्यूत 'हँडल_डेटा' बघितलं, त्यासाठी नवीन धागा काढा. उघडा या अर्थानं म्हणतोय. हा नका काढू.